आमच्या हेरल्डचे ॲव्हरेज

मोटार नवी असो वा जुनी, आपल्याकडे तिच्याविषयीचा पहिला प्रश्न ठरलेला आहे : “ॲव्हरेज काय देते?” स्थळाची चौकशी करताना मुलाचा पगार ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात हा प्रश्न येतो. गाय जसे दूध देते तशी मोटार ॲव्हरेज देते, अशी आपली भाषा. कशाचे ॲव्हरेज, किती दिवसांचे, कोणत्या रस्त्यावरचे, याची पूसतपास कोणी करीत नाही. आकडा मोठा निघाला की मोटार गुणाची ठरते. लहान निघाला की लगेच दुसरा प्रश्न : “मग हिला पोसता कशाला?”

माझ्याजवळ १९६६ सालची स्टँडर्ड हेरल्ड आहे. दोन दारांची, फिक्कट निळी. ती धर्मपेठेत पेट्रोल भरायला उभी राहिली की पंपावरचा विशीतला पोरगा हे दोन्ही प्रश्न त्याच क्रमाने विचारतो. पहिल्याचे उत्तर मी एका आकड्यात देतो. दुसऱ्याला तेवढ्यात उत्तर देता येत नाही, कारण मागे रांग लागलेली असते आणि माझे उत्तर लांबलचक आहे. दिवाळी अंकात जागा असते आणि वाचकांनाही चकली खात खात चार पाने वाचायला सवड असते, म्हणून ते इथे मांडतो.

माझ्या बोलण्याला आधार आहे तो एका वहीचा. लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या दुकानात असते तशी. मोटार घरी आली त्या दिवसापासून वडिलांनी तीत प्रत्येक पेट्रोलभरणीची नोंद ठेवली : तारीख, काट्यावरचे मैल, किती पेट्रोल, किती पैसे, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. “वर्धा रोड. वारा समोरून.” “टायरात हवा कमी होती.” “मेहुणे सहकुटुंब सोबत. एकूण सात माणसे.” वडिलांच्या पश्चात वही माझ्याकडे आली आणि मी ती त्याच पद्धतीने चालू ठेवली. इतक्या वर्षांत एका मोटारीने किती पेट्रोल पिऊन किती माणसे कोठे नेली, याचा इतका बारीक हिशेब फार घरांत नसावा.

आता हेरल्डला स्पोर्ट्‌स मोटार म्हणावे की नाही, यावर आमच्या घरात वाद आहे. साठीच्या दशकात आपल्या देशात खाजगी माणसाला नवी मोटार घ्यायची तर निवड तिघींतूनच : ॲम्बॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड. ॲम्बॅसिडर सरकारी, फियाट संसारी, आणि हेरल्ड ही कॉलेजात जाणारी धाकटी बहीण. इंग्लंडात ट्रायम्फ कंपनीने ती १९५९ साली काढली. तिचे रूप रेखाटले ते मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने. १९६१ पासून मद्रासजवळच्या वंडलूर येथे ती तयार होऊ लागली. पुढे इंग्लंडात हिचीच चौकट आखूड करून १९६२ साली ट्रायम्फवाल्यांनी ‘स्पिटफायर’ नावाची दोन आसनांची उघडी स्पोर्ट्‌स मोटार काढली आणि ती जगभर गाजली. तेव्हा स्पिटफायर ही हेरल्डची सख्खी बहीण. आपल्याकडे बाहेरच्या मोटारी आणण्यावर बंधने होती, म्हणून मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती होत तेथे हौशी लोक हेरल्डच घेऊन उतरत. आमच्या वडिलांनी शर्यत कधी पाहिलीही नव्हती. पण ही माहिती ते पाहुण्यांना अशा थाटात सांगत, की पाहुण्यांना वाटे, तेच चालवत होते.

हिची कळा मात्र खरोखर वेगळी. इंजिन ९४८ घनसेंटीमीटरचे, म्हणजे आजच्या पुष्कळ लहान मोटारींपेक्षाही लहान. बॉनेट उघडायचे तर चाकांवरच्या पंखांसकट सगळा पुढचा भाग मगरीच्या जबड्यासारखा पुढे उलटतो, आणि मिस्त्रीला टायरवर बसून आरामात काम करता येते. वळायला पंचवीस फुटांचे वर्तुळ पुरते. इतवारीतल्या किंवा महालातल्या बोळात नव्या मोटारी तीनदा मागेपुढे होतात, तिथे ही एका दमात वळते. छप्परसुद्धा नटबोल्टांनी बसवलेले आहे. आमच्या बंधूंनी कॉलेजात असताना एका एप्रिलमध्ये ते सोडवून ठेवले आणि मोटार ‘स्पोर्ट्‌स’ केली. फुटाळा तलावापर्यंत दोन फेऱ्या झाल्या. नागपूरच्या उन्हाने तिसरी होऊ दिली नाही.

वहीतली पहिली वर्षे वाचताना मौज वाटते. वडील हिशेब मैल आणि गॅलनमध्ये करीत, जरी पंपावर लिटर आले होते. वर्धा रोडने सेवाग्रामपर्यंत जाऊन आल्यावर गॅलनला ३६ मैल, आणि गावात २९. आजच्या भाषेत बोलायचे तर लिटरला पावणेतेरा आणि सव्वादहा किलोमीटर. १९७३ च्या अखेरीस मात्र शाईचा रंग बदलतो. त्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली, जगात पिंपामागे तीन डॉलरचे तेल काही महिन्यांत बाराच्या घरात गेले आणि आपल्याकडेही पेट्रोल एकदम महागले. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, हे पुष्कळांना आठवत असेल. आमच्याकडे बैलगाडी नव्हती, पण वडील ऑफिसला सायकलने जाऊ लागले. सबंध १९७४ सालात वहीत जेमतेम अकरा भरण्या आहेत, सगळ्या लाल शाईत. शेरा एकच, पुन्हा पुन्हा : “आवश्यक.”

आता ॲव्हरेज मोजायचे कसे ते सांगतो, कारण दहांतील आठजण ते मोजतच नाहीत, अंदाजे सांगतात. पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकले आणि काटा किती हलला ते पाहिले, याला मोजणे म्हणत नाहीत. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर लिहून घ्यावेत, निदान दोनशे किलोमीटर चालवावे, आणि त्याच पंपावर, त्याच बाजूला तोंड करून पुन्हा काठोकाठ भरावी. दुसऱ्या वेळी जितके लिटर गेले तितकेच आपण जाळले. पंप तोच का, तर जमिनीचा उतार बदलला की टाकीत अर्धा-एक लिटर कमी-जास्त मावतो. आणि एका भरणीवरून निष्कर्ष काढू नये. चार भरण्यांची बेरीज करावी. आमच्या हेरल्डच्या टाकीला काटा चुकला तरी भीती नसते. डिकीत टाकीच्या डोक्यावर एक लहानसा दांडा आहे, तो फिरवला की तळाशी राखून ठेवलेले पेट्रोल मिळते. आजच्या मोटारीत अशी सोय का नसावी, हे मला कळलेले नाही.

या पद्धतीने मोजता माझी मोटार गावात लिटरला नऊ, रामटेकच्या रस्त्यावर तेरा, आणि वर्षाच्या सरासरीने अकरा किलोमीटर चालते. तेराचा आकडा ताशी साठच्या चालीत. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साठाचे नव्वद केले की तो सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तेवढा वेग आमच्या हेरल्डला उतारावर आणि देवाच्या कृपेनेच मिळेल. म्हणून आम्ही त्या वाटेला जात नाही.

पेट्रोल कमी लागावे म्हणून लोक नाना उपाय करतात. कोणी नळीला लोहचुंबक बांधतो, कोणी टाकीत गोळ्या टाकतो. माझ्या मते पैसे पाण्यात. माझे मिस्त्री सदरमध्ये बसतात. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मला पहिल्याच भेटीत जे सांगितले त्याहून शहाणपणाचे या विषयावर मी कोठे वाचले नाही. ॲव्हरेज आठावर आले होते. मी म्हणालो, कार्बोरेटर बदलायचा का? त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. मोटार सपाट रस्त्यावर नेली, न्यूट्रल करून एका हाताने ढकलली, आणि म्हणाले, “साहेब, गाडीच हटून नाही राह्यली, तं कारबेटर बिचारा काय करन जी? आधी ब्रेक पाहा.”

मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता. तेव्हापासून मी दर फेरीनंतर खाली उतरून चारही चाकांच्या मधोमध हात लावून पाहतो. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागले तर त्याचा ब्रेक घासतो आहे असे समजावे. जुन्या ड्रम-ब्रेकच्या मोटारीत पुष्कळ पेट्रोल असेच चाकाच्या उष्णतेत जाते. त्यानंतर टायरातली हवा. त्यानंतर चोक, जो थंडीत ओढतात आणि ढकलायचा विसरतात. पॉइंटची फट पंधरा हजारांश इंच आणि प्लगची पंचवीस, ही दोन मापे ठेवली की निम्मी दुरुस्ती टळते. प्लग काढून पाहावा. टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर मिश्रण ठीक. काजळासारखे काळे असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, आणि पांढरे फटक असेल तर कमी जाते आहे. ते शेवटचे अधिक वाईट, कारण त्यात पेट्रोल वाचते पण व्हॉल्व्ह जळतात. कार्बोरेटरला हात सगळ्यांत शेवटी लावावा. आपल्याकडे तो पहिल्यांदा उघडतात, कारण तो दिसायला गमतीदार असतो.

मिस्त्रींशी माझे एकाच गोष्टीवरून बिनसते. हेरल्डच्या पुढच्या चाकांच्या मुळाशी ज्या पितळी बिजागऱ्या आहेत, ज्यांवर चाके वळतात, त्यांत ग्रीस घालायचे नसते. गिअरबॉक्सचे जाडे तेल घालायचे असते. मोटारीबरोबर आलेल्या पुस्तकात तसे स्पष्ट छापले आहे. पण ग्रीसची पिचकारी हातात असलेल्या माणसाला निपल दिसले की तो थांबत नाही. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोचत नाही, आटे कोरडे झिजतात, आणि एक दिवस वळणावर चाक आडवे होते. हेरल्डच काय, स्पिटफायरवाल्यांनाही जगभर हाच धोका आहे. शंभर रुपयांच्या तेलाचा प्रश्न, पण चाक निखळले तर आतल्या माणसांचा प्रश्न. मिस्त्री म्हणतात, “तीस साल झाले, ग्रीसच भरून राह्यलो, काही होत नाही बाप्पा.” मी पुस्तक दाखवतो. ते चष्मा पुसतात आणि म्हणतात, इंग्रजी आहे.

आता नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की जुन्या मोटारीचे पेट्रोल इंजिनात पोचण्याआधी पंपात आणि नळीतच उकळू लागते. नळीत वाफ भरली की पंप वाफच ओढत राहतो आणि मोटार व्हरायटी चौकात, सिग्नल हिरवा झाला असता, शांतपणे बंद पडते. लोक हॉर्न वाजवतात. उपाय सोपा : पेट्रोल-पंपावर ओले फडके टाकायचे, पाच मिनिटे थांबायचे, पंपाच्या खालचा लहान दांडा हाताने दहा-वीस वेळा हलवायचा. आमच्या गाडीत एप्रिल ते जून एक पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा असतोच. काही जण नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतात आणि शपथेवर सांगतात की गुण येतो. मी एका उन्हाळ्यात सहा लावून पाहिले. गुण आला नाही. घरात मात्र चिमटे कमी पडल्याचे लक्षात आले.

इंधनाच्या बाबतीत आमचे नागपूर तसे प्रयोगशील गाव. इथेनॉलवर धावणारी बस २०१४ मध्ये इथल्या रस्त्यांवर आली, विजेवर चालणाऱ्या टॅक्सी २०१७ मध्ये आल्या. आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा सर्वांत आग्रही पुरस्कार करणारे केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री नितीन गडकरी हे इथलेच खासदार. त्यामुळे इथल्या चहाच्या टपरीवर राजकारणाइतकीच इथेनॉलची चर्चा होते. २०२५ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचले. जुन्या मोटारीच्या मालकाला यात काय समजून घ्यायला हवे, ते स्वयंपाकघराच्या मापाने सांगतो.

एक लिटर इथेनॉल जाळले की एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता मिळते. पाच वाट्या कणीक घेतली आणि त्यातल्या एका वाटीच्या पोळ्या दोन-तृतीयांशच झाल्या, असे समजा. पाच वाट्यांच्या जागी पावणेपाचांहून थोड्या कमीच वाट्यांच्या पोळ्या हाती आल्या. म्हणजे शेकडा सहा-सात टक्के घट. नीती आयोगाने २०२१ साली इथेनॉलचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही आधीच्या इंधनासाठी बनवलेल्या चारचाकींच्या बाबतीत सहा ते सात टक्के घटीचाच अंदाज दिला आहे. माझ्या वहीत वर्षाची सरासरी ११.७ होती, ती ११ झाली. घट सहा टक्के. एका म्हाताऱ्या मोटारीवरून देशाचे गणित मांडू नये हे खरे, पण आकडा जुळला तेव्हा मला वहीचा अभिमान वाटला.

पण घट हा त्यातला किरकोळ भाग. खरी काळजी रबराची आणि पाण्याची. साठच्या दशकातल्या नळ्या आणि पंपातला रबरी पडदा साध्या पेट्रोलसाठी केलेले. इथेनॉलने असले रबर फुगते, मऊ पडते, कालांतराने चिरते. चिरलेल्या नळीतून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर काय होईल ते सांगायला नको. मी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालून घेतल्या, पंपाचा पडदा बदलला. मजुरी धरून साडेचार हजार रुपये झाले. ज्यांच्या घरी जुनी मोटार किंवा जुनी स्कूटर आहे त्यांनी ॲव्हरेजच्या आधी हे पाहावे.

दुसरे पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. आषाढ-श्रावणात मोटार महिनाभर अर्ध्या टाकीने उभी राहिली तर ओल वाढत जाते, आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात व तळाशी बसतात. इंजिन नेमके तळातूनच पिते. म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत हवेला जागा कमी, आणि आठवड्यातून एकदा तरी मोटार फिरवून आणावी. आमच्या पंपाला काचेची वाटी आहे, तीत थर दिसला की कळते. इथेनॉलची एक चांगली बाजूही सांगितली पाहिजे. त्याने पेट्रोलचे ऑक्टेन वाढते, त्यामुळे चढावर इंजिनातून जो टकटक आवाज येई, तो आता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. हिला पोसायला लागते किती? गेल्या वर्षी मोटार २,६४० किलोमीटर चालली. पेट्रोल २४० लिटर, लिटरला १०४ रुपये धरून सुमारे २५,०००. हे सर्वांना दिसते. न दिसणारे असे : दोनदा बदललेले आणि मध्ये मध्ये घातलेले इंजिन-तेल ४,५००. तेल हिला लागतेच, आठशे किलोमीटरला लिटरभर. त्याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. मिस्त्री आणि सुटे भाग मिळून २०,०००. यातला मोठा भाग इंग्लंडहून मागवलेल्या सामानाचा. स्पिटफायरप्रेमी जगभर असल्यामुळे तिथे ते अजून तयार होते. बॅटरी तीन-साडेतीन वर्षे टिकते, म्हणून वर्षाला १,३००. टायर झिजण्याआधी वयाने कडक होतात, ते सात वर्षांनी बदलायचे, म्हणून वर्षाला २,५००. दर दहा वर्षांनी पत्र्याचे आणि रंगाचे काम, त्याचे वर्षाला ८,००० बाजूला काढायचे. तृतीय पक्षाचा विमा हजार घनसेंटीमीटरखालच्या मोटारीला २०२२ मध्ये ठरलेल्या दराने २,०९४ आणि वर कर, म्हणजे अडीच हजारांच्या आत. नोंदणीच्या नूतनीकरणाचे वर्षाला २,०००.

बेरीज ६५,८०० होते. भागिले २,६४०, म्हणजे किलोमीटरला पंचवीस रुपये. त्यात पेट्रोलचे साडेनऊ.

सगळे जग ज्या आकड्याची चौकशी करते, तो या खर्चाचा दोन-पंचमांश भागसुद्धा नाही. मी जिवाचे रान करून ॲव्हरेज अकराचे बारा केले, तर वर्षाला वीस लिटर, म्हणजे दोन हजार ऐंशी रुपये वाचतील. पोस्टाने आलेल्या ब्रेकच्या एका पार्सलात ते जातात. उलट मोटार जास्त चालवली तर बाकीचा खर्च जास्त किलोमीटरांत वाटला जाऊन प्रत्येक किलोमीटर स्वस्त पडतो. पाच हजार किलोमीटर चालवली तर पंचविसाचे अठरा होतात. पैसे वाचावेत म्हणून मोटार कमी चालवणारा माणूस तिला किलोमीटरमागे महाग करून ठेवतो, आणि वर ती उभी राहून गंजते ते वेगळे. माझे हे गणित ऐकून सौभाग्यवती म्हणाली, “म्हणजे जितकं जास्त उधळावं तितकं स्वस्त, असंच ना?” गणित बरोबर आहे. पण तिच्यापुढे ते मांडायला नको होते असे कधी कधी वाटते.

तुलनेसाठी सांगतो. २०१९ पासून नागपुरात मेट्रो आहे. आमच्याकडून सीताबर्डीला दोघांनी मेट्रोने जाऊन यायला हेरल्डच्या निम्मेही पैसे लागत नाहीत. नवी लहान मोटार लिटरला अठरा-वीस देते आणि धूरही पुष्कळ कमी सोडते. हे सगळे मला मान्य आहे. पैशाच्या हिशेबाने हेरल्ड कशातच बसत नाही, आणि बसते असे भासवणारे लेख मला आवडत नाहीत. नव्या मोटारीची किंमत मात्र पहिल्या पाच वर्षांत अर्ध्यावर येते, आणि ती घट कोणी ॲव्हरेजमध्ये धरीत नाही, एवढेच नोंदवून पुढे जातो. आमची १९६६ साली जी काय घटायची ती घटून गेली.

आणि आता जो प्रश्न आमच्या घरात सहा महिने चालला आहे तो. वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार रुपये झाली. २०२२ पूर्वी ती सहाशे होती. पर्यावरण कर निराळा. आमची मुदत जवळ आली आहे. दुसरा मार्ग असा : २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी, पुढचे नूतनीकरण पाच हजारांत. विम्याचा हप्ता निम्मा. खास अक्षरांचा क्रमांक मिळतो, किंवा जुना आपला तसाच ठेवता येतो. मोटार उद्या भंगारात काढावी लागेल ही भीती कायमची जाते. अट एकच, पण ती जबर : मोटार रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, आणि पेट्रोल भरणे व दुरुस्ती यांपुरतीच बाहेर काढायची.

पुण्याच्या बंधूंचे मत ताबडतोब व्हिंटेज करावी. त्यांचे म्हणणे खोटे नाही. या मोटारीला पट्टे नाहीत, डोके आपटले तर अडवायला काही नाही, ब्रेक सगळे ड्रमचे, आणि भोवतीची वाहने साठ सालची राहिलेली नाहीत. “बाबांची आठवण आहे. वर्धा रोडवर कोणी ट्रकवाल्याने चेपली तर?” ते फोनवर म्हणाले. मी रात्री या प्रश्नावर जागा राहिलो आहे. आमच्या नातवाला मागच्या सीटवर बसवून रामटेकला नेताना मी आरशात पाहतो, आणि ताशी साठाचे पन्नास करतो.

चिरंजीवांचे मत विचारले. त्यांना मोटार आवडते, चालवायला वेळ नाही. बाबा, तुम्ही ठरवा, म्हणाले. म्हणजे पुढे ही त्यांच्या गळ्यात पडणार, आणि त्यांना ती झाकून ठेवलेली व्हिंटेज म्हणून सोयीची जाईल. हेही मी धरून चाललो आहे.

निकाल लागला तो सौभाग्यवतीच्या एका प्रश्नाने. नियम मी तिला वाचून दाखवत होतो. ती मेथी निवडत होती. प्रदर्शन, मेळावा, संशोधन इथपर्यंत तिने ऐकून घेतले आणि विचारले, “मग गोकुळपेठेच्या बाजारातून भाजी आणणं यांतल्या कशात बसतं?” मी म्हणालो, कशातच नाही. “मग नको.”

या घरात लग्न होऊन आल्यापासून गेली कित्येक वर्षे दर रविवारी ती त्या मोटारीतून बाजाराला जाते. वही उघडून पाहिली. रविवारच्या फेऱ्यांचे किलोमीटर वर्षाला चारशेदेखील होत नाहीत. पण १९७४ सालच्या त्या अकरा भरण्यांतल्या सहांच्या पुढे वडिलांनी “आवश्यक” लिहून खाली बारीक अक्षरांत आणखी एक शब्द लिहिला आहे, जो मी आजवर नीट वाचलाच नव्हता : “भाजी.”

तेव्हा दहा हजार भरून आणखी पाच वर्षे साधी नोंदणी करायची असे ठरले आहे. बंधूंना कळवले. ते अर्धे पैसे पाठवतो म्हणाले, आणि मागे-पुढे सर्व सीटना पट्टे बसवून घेण्याची अट घातली. अट रास्त आहे. पट्ट्यांच्या खुंट्या पत्र्यात न बसवता खालच्या पोलादी चौकटीला पक्क्या करायला मिस्त्रींना सांगितले आहे. तपासणीपूर्वी चारही ड्रम उघडायचे, ब्रेकची सिलिंडरे नवी घालायची, आणि पुढच्या बिजागऱ्या काढून आटे पाहायचे. मिस्त्रींनी दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारची तारीख दिली आहे. गिअरचे तेल मी घरूनच घेऊन जाणार आहे, आणि ते ओतले जाईपर्यंत तिथून हलणार नाही.